उघड्या कडेचे झबले

ओगुलबिके इंग्रजी शिकली ती पुस्तकांसाठी. ते तिच्या कामी आले कपड्यांसाठी.

प्यातिगोर्स्कला चार वर्षे शिकून ती परत आली आणि सारीकुयू गावच्या शाळेत मास्तरीण झाली. रशियाच्या दक्षिणेकडचे, गवताळ माळावरचे गाव. अर्धी घरे तुर्कमेनांची, अर्धी नोगाईंची, आणि नदीपलीकडे कोसॅकांची वस्ती. मुलांना इंग्रजीचा काय उपयोग, असे पालक विचारत. तिलाही नीट सांगता येत नसे. ती म्हणे, कधीतरी लागेल.

लागले ते पंच्याण्णव साली. डोंगरांत युद्ध पेटले होते. दोन्ही काठांवरची पोरे सक्तीने सैन्यात गेली होती आणि काहींची पत्रे यायची थांबली होती. कोणीतरी बायकांना सांगितले की परदेशी संस्थांना लिहा, त्या तुरुंगांत जाऊन याद्या करतात. पण इंग्रजीत लिहा. मग बायका ओगुलबिकेकडे येऊ लागल्या. तुर्कमेन बायका मागच्या दाराने, कोसॅक बायका पुढच्या दाराने. रशियनमध्ये लिहून आणलेला कागद तिच्यापुढे ठेवत आणि चहाला हात न लावता बसून राहत.

त्या कागदांत सगळ्यात जास्त कपडेच असायचे. उंची सगळ्यांची सारखी, केस सगळ्यांचे कापलेले. आया लिहीत : गळ्यापाशी माझ्या हाताने लावलेले बटण, बाकीच्यांपेक्षा वेगळे. आतून लोकरीची बंडी, खाकेत ठिगळ. मोजे आजीने विणलेले, टाचेला दुहेरी लोकर. ओगुलबिके शब्दकोश उघडून बसे. टाच, ठिगळ, काज, अस्तर, दुहेरी लोकर. दोन वर्षांत तिला कपड्यांचे जेवढे इंग्रजी शब्द आले, तेवढे लंडनच्या शिंप्यालाही येत नसतील, असे तिचा नवरा हालमुरात म्हणायचा. तो विनोद करायचा तेव्हा तिच्याकडे बघत नसे.

तिने स्वतःच्या मुलासाठीही एक पत्र लिहिले होते. अर्सलान, वय अठरा. सैन्याचा गणवेश. आतून कमरेला उंटाच्या आणि मेंढीच्या लोकरीची वळलेली दोरी, काळी-पांढरी, दृष्ट लागू नये म्हणून. दोरीला तीन गाठी. हे पत्र तिने चौदा वेळा पाठवले. उत्तर आले नाही.

इतरांना उत्तरे आली. पेलागेयाच्या भाच्याचे आले. पेलागेया झाखारोव्हना कोसॅक वस्तीतली, तालुक्याच्या संग्रहालयात जुने कपडे दुरुस्त करणारी. भाचा रोस्तोवच्या शवागारात मोज्यांवरून ओळखला गेला. टाचेची दुहेरी लोकर. त्याची मेंढीच्या कातड्याची टोपी घरी आणून देवाच्या तसबिरीखाली ठेवली, त्यांच्या रीतीप्रमाणे. त्या दिवशी पेलागेया पुढच्या दाराने आली, ओगुलबिकेच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "तू मोजे बरोबर लिहिलेस म्हणून पोरगं घरी आलं." ओगुलबिकेने चहा केला आणि या वेळी पेलागेयाने तो प्यायला.

पेलागेयानेच मग तिला संग्रहालयात आणले. वस्तूंच्या चिठ्ठ्या इंग्रजीत करायच्या होत्या. तिथल्या कोणालाच कपड्यांचे शब्द येत नव्हते.

ते काम तिला आवडले. इथल्या कपड्यांच्या आत कोणी हरवलेले नव्हते. सगळे कधीच मेलेले होते, आपापल्या वेळी, आपापल्या अंथरुणात किंवा घोड्यावर. वरच्या मजल्यावर खिडकीशी तिचे टेबल, समोर पेलागेयाचे. पेलागेया सुई चालवे, ओगुलबिके पेन. मध्ये खारट चहाची किटली.

"हे बघ," ओगुलबिके एकदा म्हणाली, "मागच्या वर्षी एक पाहुणा आला होता. कोसॅक कोटाच्या छातीवरच्या नळ्या बघून विचारतो, यात सिगार ठेवायचे का?"

"मग काय सांगितलंस?"

"बंदुकीची दारू. एका नळीत एका गोळीपुरती."

"खोटारडी. माझ्या आजोबांच्या नळ्यांत चाकवताचं बी असायचं. आजीला बागेसाठी."

"ते चिठ्ठीत कसं लिहू?"

"नकोच लिहू. आधीच तुझ्या इंग्रजीत आमचे घोडेस्वार हॉटेलातल्या वाढप्यांसारखे दिसतात."

असे चाले. पेलागेया तिला लाडाने ओल्या म्हणे, ती पेलागेयाला पाशा. ओगुलबिके हसायची, पण चिठ्ठीत खोटे कधी लिहायची नाही. कोसॅक बाईच्या झग्याची बाही फाटकी असेल तर फाटकी लिहायची. तुर्कमेन म्हातारीच्या पांढऱ्या अंगरख्यावरचे चांदीचे पदक नकली असेल तर नकली. संचालक विक्तोर सेम्योनोविच कुरकुरायचे, थोडे सजवून लिहा म्हणायचे. ती म्हणे, जे आहे तेच दुसऱ्या भाषेत जाते, मी त्यात भर घालत नाही.

एक चिठ्ठी सोडून.

ती सत्तेचाळीस क्रमांकाची. *तुर्कमेन बालकाचे झबले. सात घरांतून मागितलेल्या तुकड्यांचे. खालची कड न दुमडलेली. शतकाच्या सुरुवातीचे. कोणाचे ते अज्ञात.*

ते शतकाच्या सुरुवातीचे नव्हते. ते शहात्तर सालचे होते. कोणाचे ते तिला माहीत होते.

अर्सलानच्या आधी तिची दोन मुले गेली होती. एक जन्मतानाच, एक चाळीस दिवसांनी. तिसऱ्या वेळी सासू काठी टेकत गावात फिरली. ज्या घरांतली सगळी मुले जगली होती अशी सात घरे तिने निवडली आणि प्रत्येक घरातून चिंधी मागून आणली. लाल, पिवळी, एक रेशमी, एक नुसती गोधडीची. त्याचे झबले शिवले. पाठीवर मणी, खांद्यावर लाकडाचा ताईत. खालची कड मात्र तशीच सोडली, धागे लोंबत. ही सगळ्यांकडची रीत. झबल्याची कड बंद केली तर आयुष्याची कड बंद होते. हालमुरातच्या घरात याला आणखी एक जोड होती : माणूस गेले की घरातल्या बाईने ती कड दुमडून शिवायची आणि मग झबले कोणाला तरी देऊन टाकायचे. तोवर सुई लावायची नाही. हालमुरातच्या आजोबांचे झबले असेच एकोणऐंशी वर्षे पेटीत उघडे होते.

अर्सलान हरवल्याला तीन वर्षे झाली तेव्हा एका दुपारी हालमुरात मेंढ्यांकडून परत आला, हात धुतले आणि जेवायच्या आधीच बोलला. "ते झबलं काढ. कड शीव. लोकांना जेवायला बोलावू. त्याच्या नावाने दुआ होऊ दे."

तिने त्याच्यापुढे भाकरी ठेवली.

"तो तसाच फिरत असेल," हालमुरात म्हणाला. "ना इकडचा, ना तिकडचा. बाप म्हणून मला ते बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने झबले कागदात गुंडाळले आणि सकाळच्या बसने संग्रहालयात नेऊन जमा केले. फॉर्मवर लिहिले, लांबच्या चुलतीकडून मिळाले, फार जुने. संग्रहालय नवी वस्तू घेत नाही, म्हणून जुने. आपले म्हटले तर विचारतील, म्हणून अज्ञात. संग्रहालयाचा नियम तिला माहीत होता : नोंद झालेल्या वस्तूला समितीच्या लेखी आज्ञेशिवाय सुई लागत नाही. तिथे ते सुरक्षित होते. कोणी म्हणजे कोणीही ते शिवू शकणार नव्हते. तीसुद्धा.

हालमुरातला पेटी रिकामी दिसली असणार. त्याने विचारले नाही. पुन्हा कधी तो विषयही काढला नाही. त्यांच्या घरात मग रोजचेच बोलणे राहिले. मेंढ्या, पाणी, कोणाचे लग्न, कोणाची गाय.

आठ वर्षे झाली. दोन हजार सहाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या एका संग्रहालयाने प्रदर्शनासाठी वस्तू मागितल्या. कोसॅक आणि तुर्कमेन, एका माळावरचे दोन पोशाख. विक्तोर सेम्योनोविच आठवडाभर नवा टाय घालून फिरत होते. चौऱ्याऐंशी वस्तू निवडल्या. सत्तेचाळीस क्रमांक त्यांत पहिला, कारण पाहुण्यांना तोच सगळ्यांत जास्त आवडायचा.

ओगुलबिके तीन महिने बसून त्या सगळ्या चिठ्ठ्या, पुस्तिका, पेट्यांवरच्या याद्या रशियनमधून इंग्रजीत करत होती. आपले खोटेही तिने इंग्रजीत केले. हात अडखळला नाही. आठ वर्षांत त्या दोन ओळी इतरांच्या ओळींसारख्या झाल्या होत्या.

मधेच स्कॉटलंडहून अटींचा कागद आला. तो उलटा, इंग्रजीतून रशियनमध्ये करायचा होता. एकवीस अटी. पेटीत किती ओल चालेल, कोणता कागद, कीड मारायचे औषध. सतरावी अट अशी की कापडाच्या सुट्या कडा आणि लोंबणारे धागे प्रवासाआधी पक्के करून घ्यावेत. तिने ते संध्याकाळी चूल पेटवता पेटवता करून टाकले. पक्के करून घ्यावेत. नेमके, स्वच्छ वाक्य. दुसऱ्या दिवशी समितीने त्यावर सह्या केल्या, शिक्का मारला आणि कागद पेलागेयाकडे गेला.

पुढचे दोन आठवडे ओगुलबिके घरीच होती. हालमुरातला हिवाळ्यापासून खोकला धरला होता, तो आता छातीत उतरला होता. डॉक्टर म्हणाले, हवा कोरडी ठेवा, आणि बाकीचे बाहेर नेऊन तिला सांगितले. ती त्याला मेंढीच्या चरबीचा शेक देत होती आणि कुशीवर फिरवत होती.

पेट्या बंद करायच्या दिवशी ती परत गेली. पेलागेया तिची वाटच बघत होती. चष्मा डोक्यावर, गाल लाल.

"ये ये, ओल्या. तुला एक गंमत दाखवते. डोळे मीट म्हणत नाही, आपलं वय नाही ते."

टेबलावर पांढऱ्या कागदावर झबले पसरले होते. खालची कड आत दुमडली होती. त्यावरून बारीक टाके गेले होते, तांदळाच्या दाण्याहून लहान, लाल तुकड्यावर लाल, पिवळ्यावर पिवळे.

"धागा मी स्वतः रंगवला," पेलागेया सांगत होती. "कांद्याच्या सालीत. आणि टाका बघ कोणता. तूच शिकवलेला, तुझ्या आईचा. म्हटलं, तुर्कमेन झबल्याला कोसॅक टाका नको. मला माहीत आहे तुमच्यात लहान पोराची कड उघडी ठेवतात. पण हे पोर तर कधीच म्हातारं होऊन गेलं असेल, देव त्याला शांती देवो. आणि परदेशी लोकांसमोर अशा लोंबत्या कडेने जायचं? आमच्या वस्तीत अशी कड घेऊन बाई विहिरीवर गेली तर तिच्या सासूला ऐकवतील."

ओगुलबिके खुर्चीवर बसली. कोट अंगातच होता.

"कधी केलंस?"

"मंगळवारी. का?"

मंगळवारी. मंगळवारी तिने चादरी धुतल्या होत्या. दुपारी ऊन होते. हालमुरातने अर्धी वाटी रस्सा घेतला होता आणि ती खूश झाली होती. मंगळवारी तिला काहीही जाणवले नव्हते. हात थांबला नव्हता, भांडे पडले नव्हते.

"आवडलं नाही का?" पेलागेया विचारत होती. "अगं, बोल ना. टाके मोठे झाले?"

"अर्सलानचं आहे हे."

पेलागेयाला पहिल्यांदा कळलेच नाही. तिने चिठ्ठीकडे बघितले, मग झबल्याकडे. मग हळूच चष्मा डोळ्यांवर घेतला, जणू वाचायचे काही राहिले होते. तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि लगेच खणातून छोटी कात्री काढली.

"उसवते. अर्ध्या तासात उसवते. कोणाला कळणार नाही. एकेक धागा काढते, ओल्या, बघ तू."

ओगुलबिकेने तिचे मनगट धरले.

"राहू दे."

"अगं, पण मी..."

"समितीने सांगितलं, तू केलंस. आणि समितीला मी सांगितलं. सतरावी अट. माझंच वाक्य आहे ते. उसवलं तरी भोकं राहतील, पाशा. उसवलेली कड म्हणजे न शिवलेली कड नव्हे."

पेलागेया रडू लागली. मोठ्याने, खेड्यातल्या बाईसारखी. ओगुलबिके रडली नाही. ती त्या टाक्यांकडे बघत राहिली. टाके फार सुंदर होते. तिने स्वतः शिवले असते तर इतके सरळ आले नसते. तिचा हात वाकडा गेला असता, आणि म्हणूनच तिने कधी शिवले नसते. हे तिला तिथे बसल्या बसल्या कळले. ती वाट बघत होती ती अर्सलानची नव्हती, कितीतरी दिवसांपासून. ती फक्त स्वतःच्या हाताला ते करू देत नव्हती. आता ते दुसऱ्या कोणाच्या हाताने झाले होते, प्रेमाने, कांद्याच्या सालीत रंगवलेल्या धाग्याने.

तिने पेन घेतले आणि चिठ्ठी खोडली. वर रशियनमध्ये लिहिले, खाली इंग्रजीत. *बालकाचे झबले. सन १९७६. आजीने शिवलेले. अर्सलान, हालमुरातचा मुलगा, याचे. कड शिवलेली.* मग ती संचालकांकडे गेली आणि फॉर्मवरचे खोटे सांगितले. विक्तोर सेम्योनोविच टेबलावरच्या काचेवर बोट फिरवत राहिले. शहात्तर सालची वस्तू प्रदर्शनात जाऊ शकत नव्हती. नोंदीत खाडाखोड करावी लागणार होती, खुलासा लिहावा लागणार होता, तिची नोकरीही जाऊ शकत होती. त्यांनी यातले काहीच म्हटले नाही. "घेऊन जा," म्हणाले. "मी लिहितो, नोंद चुकीची होती." ती दारापर्यंत गेली तेव्हा त्यांनी विचारले, "तुम्ही, एवढ्या वर्षांत, एकदाही का नाही सांगितलंत?"

तिने दार ओढून घेतले आणि झबले घ्यायला गेली.

घरी हालमुरात भिंतीला टेकून बसला होता. अंगावर जुना कापूस भरलेला कोट, डोक्यावर लोकरीची तेलपेक. ताप असला तरी तो टोपी काढत नसे. तिने कागदाची पुडी त्याच्यापुढे ठेवून उघडली. त्याने कडेवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"तू शिवलंस?"

"नाही. पाशाने. तिला माहीत नव्हतं."

तो पुष्कळ वेळ खोकला. मग म्हणाला, "मला माहीत होतं ते कुठे आहे. बाजाराच्या दिवशी जाऊन यायचो. खालच्या खालीच. तू वर असायचीस. ती तिकीटवाली मला म्हणाली, आजोबा, तुम्हाला एवढं काय आवडतं या चिंधीत."

"काय म्हणालास?"

"म्हटलं, रंग."

ती त्याच्या शेजारी बसली. आठ वर्षे तो खाली उभा राहत होता आणि ती वर शब्द लावत होती. मध्ये एक जिना होता.

"लोकांना बोलाव," ती म्हणाली. "शुक्रवारी."

शुक्रवारी अंगणात दोन कढया चढल्या. मेंढी हालमुरातच्या पुतण्यांनी कापली. बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेर चटईवर. पेलागेया पहाटेच नदीपलीकडून चालत आली, काळा रुमाल बांधून, आणि कोणी या म्हणायच्या आत बाह्या सारून पीठ मळायला बसली. शेजारणी तिला हसल्या नाहीत. एक म्हातारी एवढेच म्हणाली, "अगं बाई, पाव करते आहेस का आपल्याकडे? पातळ लाट." पेलागेयाने पातळ लाटले. ओगुलबिकेच्या डोळ्याला डोळा तिने दिवसभर दिला नाही. दुपारी ओगुलबिकेनेच झबले आणून तिच्या मांडीवर ठेवले. रीतीप्रमाणे ते कोणाला तरी देऊन टाकायचे होते. पेलागेया पिठाचे हात वर धरून तशीच बसून राहिली, कपड्याला डाग लागू नये म्हणून.

मुल्ला तरुण होता. दोन वर्षांपूर्वी शिकून आलेला. त्याने अर्सलानला बघितलेले नव्हते. हालमुरातला दोघांनी धरून बाहेर आणले होते. मुल्लाने मुलाचे नाव विचारले. हालमुरातने सांगितले. बापाचे विचारले, सांगितले. मग मुल्ला दोन शब्द बोलायला म्हणून सहज म्हणाला, "वय काय होतं, काका?"

हालमुरातने दाराकडे बघितले. दाराच्या आत ओगुलबिके उभी होती.

अकरा वर्षे ती मोजत आली होती. आता एकवीस. आता पंचवीस, आता लग्नाला आला असता, नव्हे, आला आहे. या मार्चमध्ये तीस. तिने कधी एक वर्ष सोडले नव्हते. कोणी विचारले तर ती चालू वयच सांगायची आणि लोक मान खाली घालायचे.

कढईखाली लाकूड तडतडले.

"अठरा," ती म्हणाली.

मुल्लाने मान हलवली आणि हात वर केले.